घरची द्राक्षवेल : पानांचे दुखणे आणि त्यावरील उपाय

कामगार चळवळीत आयुष्य काढलेला माणूस द्राक्षवेलीच्या पानांवर बोलायला उभा राहतो, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी कामगार हे आमचे नेहमीचे विषय. परंतु ज्यांच्यासाठी आम्ही त्या विषयांवर बोलतो ती माणसे पाळी संपवून घरी गेल्यावर काय करतात, इकडेही आमचे लक्ष असते. नाशिकच्या कामगारवस्त्यांत हिंडताना एक गोष्ट नजरेत भरते. घरापुढे चार हात मोकळी जागा असली तरी तिथे जुन्या पाइपांचा मांडव घालून एखादी द्राक्षवेल चढवलेली असते. ज्यांचे आईबाप दिंडोरीच्या किंवा निफाडच्या बागांतून राबले, त्यांनी काडीही तिकडूनच आणलेली असते. उन्हाळ्यात सावली मिळते, माघ-फाल्गुनात पोरांच्या हाती चार घड लागतात आणि आपल्या मालकीचे काहीतरी वाढते आहे याचे समाधान मिळते. या समाधानाची किंमत पगारपत्रकात मांडता येत नाही.

अशा वेलीची पाने बिघडली की घरची मंडळी हवालदिल होतात आणि आमच्या कचेरीत मागणीपत्राबरोबर एखादे वाळके पानही टेबलावर येते. ही पाने पाहता पाहता, वाचनालयातली पुस्तके चाळता चाळता आणि बागायतदारांना व बागेतल्या जाणत्या मजुरांना विचारता विचारता आम्हाला जे उमगले ते येथे मांडतो. आम्ही शेतकी कॉलेजचे पदवीधर नाही. तेव्हा जे पारखून घेतले आहे तेवढेच सांगू.

विषय दिसतो तितका किरकोळ नाही. पान पिवळे पडले की माणूस दुकानात जातो आणि "द्राक्षावर डाग पडलेत, काहीतरी द्या," असे म्हणतो. दुकानदार काहीतरी देतो. ते औषध कशावरचे, किती घ्यायचे, कोणी मारायचे, याची विचारपूस होत नाही. मळ्यात फवारा मारला तर तो निदान मोकळ्या रानात जातो. येथे मांडवाखाली पिण्याच्या पाण्याचा हंडा असतो, दोरीवर धुणे असते आणि शेजारच्या खाटेवर मूल निजलेले असते. चुकीच्या औषधाने पान तर सुधारत नाहीच, विष मात्र घरात येते. पानाचे दुखणे नीट ओळखणे हे म्हणून घरातल्या माणसांच्या जिवाशी निगडित आहे.

पानाचे काम

पान हा वेलीचा कारखाना होय. मूळ पाणी आणि क्षार पुरवते, ऊन शक्ती पुरवते आणि पान हवेतला कर्बवायू घेऊन साखर तयार करते. द्राक्षाचा गोडवा पानातून घडात उतरतो. एक घड नीट पोसायला साधारण दहा ते पंधरा निरोगी पाने लागतात, असा बागायतदारांचा हिशेब आहे.

युरोपात कडक थंडीत वेल झोपी जाते आणि वर्षातून एकदाच तिची छाटणी होते. आपल्याकडे ती अशी झोपत नाही, म्हणून महाराष्ट्रात दोन छाटण्या करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. हिलाच गोडी छाटणी असेही म्हणतात. खरड छाटणीनंतर जी नवी काडी वाढते तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड अवघ्या दीड-दोन महिन्यांतच आकार घेऊ लागतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत निर्णय होऊन गेलेला असतो. म्हणजे आज मे महिन्यात मांडवावर जे पान डोलते आहे, त्याच्या जिवावर येत्या फेब्रुवारी-मार्चचे फळ अवलंबून आहे. "सध्या फळ नाही, मग पानाची काळजी कशाला?" असे म्हणणारे गृहस्थ आम्हाला भेटतात. काम असेल त्याच दिवशी कामगाराने जेवावे, असे मानणाऱ्या मालकाच्या पंगतीतच त्यांना बसवावे लागेल.

आधी चौकशी, मग शिक्षा

आमच्या व्यवसायात एक नियम आम्ही प्राणपणाने सांभाळतो. आधी आरोप नेमका लिहायचा, मग चौकशी करायची आणि शेवटी शिक्षा. फाशी देऊन मग चौकशी करता येत नाही. वेलीलाही हाच न्याय लावावा. फवारणीचा पंप हातात घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : दुखणे जुन्या पानांवर आहे की नव्या? काडीच्या बुडाकडची पाने जुनी, शेंड्याकडची नवी. दुसरा प्रश्न : ते पानाच्या वरच्या अंगावर आहे की खालच्या? पान उलटून पाहिल्याशिवाय निदान करणारा वैद्य खोटा समजावा. तिसरा प्रश्न : डागाचे रूप कसे आहे? तो तेलकट आहे, भुकटीचा आहे, मध्ये भोक पडलेला आहे, की पानाच्या कडाच करपल्या आहेत? चौथा प्रश्न : गेल्या आठ-दहा दिवसांत हवा कशी होती आणि आपण वेलीला काय काय घातले?

यांतला तिसरा प्रश्न विचारताना एक खूण ध्यानात ठेवावी. अन्नाची कमतरता असेल तर पानाचे दोन्ही अर्धे साधारण सारखेच बिघडतात आणि एका वयाच्या सर्व पानांवर तेच चित्र दिसते. रोगाचा डाग मात्र वेडावाकडा असतो. एका पानावर सात, शेजारच्या पानावर एकही नाही, असा त्याचा कारभार. पाच-दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ असले तर चौकशी अधिक सोपी होते.

काही आरोपींना निर्दोष सोडणेही न्यायाचेच असते. मांडवाच्या आत सावलीत दबलेली जुनी पाने पिवळी होऊन गळतात. फळछाटणीच्या सुमारास म्हातारी पानेही पिकतात. हा वयाचा धर्म आहे, रोग नव्हे. अशा पानांसाठी औषध आणणे म्हणजे निवृत्त झालेल्या माणसावर गैरहजेरीचा खटला भरणे होय.

केवडा

द्राक्षाचा सर्वांत घातकी रोग केवडा. त्याची सुरुवात पानाच्या वरच्या अंगावर होते. फिकट पिवळे, तेलाचा थेंब सांडावा तसे डाग दिसतात. पान उजेडाकडे धरले तर ते अर्धपारदर्शक भासतात. दमट सकाळी तेच पान उलटून पाहिले तर डागाच्या नेमके खाली पांढरी, कापसासारखी बुरशी दिसते. पुढे डाग तपकिरी होतात, पान वाळते व गळते. फुलोऱ्यात आणि कोवळ्या घडात रोग शिरला तर घडच जातो.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. संशयित पान ओल्या कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि रात्रभर घरात ठेवावे. सकाळी पानाच्या खालच्या अंगावर पांढरी बुरशी आली तर केवडा सिद्ध झाला.

या रोगाचा जंतू वस्तुतः खरी बुरशी नव्हे. तो पाण्यातल्या शेवाळाच्या गोत्राला जवळचा आहे. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या खालच्या अंगावरच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात. यावरून दोन गोष्टी उघड होतात. एक, पान ओले राहिले नाही तर केवड्याचे काही चालत नाही. दोन, जंतू एकदा आत शिरला की बाहेरून चोपडलेले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात अवेळी पाऊस झाला आणि महाराष्ट्रातील द्राक्षबागांत केवड्याने किती नासधूस केली, हे आमच्या भागातली माणसे विसरलेली नाहीत.

केवड्यावरचे जुने आणि आजही उपयोगी पडणारे औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. त्याच्या जन्माची हकीकत ऐकण्याजोगी आहे. केवडा मूळचा अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीने फ्रान्समधील मळे उद्ध्वस्त केले. तिला दाद न देणाऱ्या वेली म्हणून अमेरिकन काड्या आणल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर केवडाही आला. १८७८ साली तो फ्रान्समध्ये आढळला. १८८२ साली बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे हे मेदोक भागातून जात असताना त्यांना एक चमत्कार दिसला. सगळ्या मळ्याची पाने गळून गेली होती, फक्त रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार होत्या. चौकशी करता कळले की येणारे-जाणारे द्राक्षे तोडतात म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळे पाणी शिंपडण्याची तिकडे चाल होती. पाने विषारी दिसावीत आणि चोराने हात लावू नये, एवढाच हेतू. मिलार्दे यांनी मळ्याचे व्यवस्थापक दाव्हिद आणि रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या साहाय्याने प्रयोग केले आणि १८८५ साली हे मिश्रण जगापुढे मांडले. ते पाणी प्रथम कोणी कालवले त्या मजुराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण विद्वानाने थांबून विचारले, हेही थोडके नव्हे.

घरच्या वेलीपुरते मिश्रण असे करावे. मोरचूद ५० ग्रॅम, ताजा कळीचा चुना ५० ग्रॅम आणि पाणी ५ लिटर. अर्ध्या पाण्यात मोरचूद विरघळवावा; भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे कदापि नको. उरलेल्या अर्ध्या पाण्यात चुना विरवून गार होऊ द्यावा. दोन्ही पाणी गाळून घ्यावे आणि तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी धार धरून लाकडाच्या काठीने ढवळावे. आकाशासारखा निळा रंग यायला हवा. मग लखलखीत घासलेली लोखंडी सुरी किंवा खिळा त्यात मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचुदाचा जोर अधिक आहे, पान भाजेल. थोडा चुना आणखी घालावा. लोखंड स्वच्छ राहिले की मिश्रण तयार झाले. ते त्याच दिवशी वापरावे. दुसऱ्या दिवशी त्याचा गुण जातो. वर सांगितलेले प्रमाण एक टक्क्याचे आहे. ते छाटणीनंतरच्या उघड्या काड्यांना आणि जून पानांना चालते. कोवळ्या पालवीसाठी मोरचूद आणि चुना निम्मे, म्हणजे पंचवीस-पंचवीस ग्रॅम घ्यावेत.

हे मिश्रण पहारेकऱ्यासारखे आहे. चोर आत शिरण्यापूर्वी ते दारावर हवे. म्हणून ते पावसाच्या आधी मारावे, आणि जोराच्या पावसाने धुऊन गेले तर उघडीप पाहून पुन्हा मारावे. रोग पानात शिरलाच असेल तर डागाळलेली पाने तोडून पिशवीत भरून दूर करावीत. बाजारात पानाच्या आत भिनणारी औषधे मिळतात व त्यांचा उपयोगही होतो. परंतु तेच ते औषध वारंवार मारले की जंतू त्याला सरावतो. घरच्या एका वेलीसाठी त्यांच्या नादी न लागता स्वच्छता आणि मोरचूद यांवर भिस्त ठेवावी, असे आमचे मत आहे.

भुरी

केवड्याशी नेहमी गल्लत होते ती भुरीची. दोन्हींत पांढरे दिसते, म्हणून दोन्हींना एकच औषध मारले जाते आणि पैसा वाया जातो. फरक साधा आहे. भुरीची पांढुरकी राख प्रामुख्याने पानाच्या वरच्या अंगावर दिसते, खालीही असू शकते. बोटाने पुसली तर निघते. केवड्याचा कापूस पानाच्या खालीच असतो आणि वर त्याच्या जोडीला पिवळा डाग असतो. भुरीने कोवळी पाने आक्रसून वाकडी होतात आणि मणी तडकतात.

दोघांचे स्वभावही उलटे. केवड्याला पानावर पाणी लागते. भुरीला वाहते पाणी नकोसे असते. तिला ढगाळ, सौम्य आणि कोंदट हवा मानवते. आपल्याकडे तिचा जोर पावसाळा सरल्यावर, विशेषतः थंडीतल्या ढगाळ दिवसांत असतो. दाट मांडवाच्या आत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे ती आधी बस्तान ठोकते.

या रोगाची युरोपातली पहिली नोंद एका माळ्याने केली. १८४५ साली इंग्लंडात मार्गेट येथे टकर नावाच्या माळ्याच्या नजरेस ही पांढरी राख पडली. पुढे बर्कली या शास्त्रज्ञाने बुरशीचे वर्णन करताना तिला टकरचेच नाव दिले. नंतरच्या शास्त्रज्ञांनी ते नाव बदलले. पण पान रोज पाहणाऱ्या माणसाचे डोळे शास्त्राला किती उपयोगी पडतात याची ती साक्ष आहे.

भुरीची बुरशी पानाच्या वरच राहते आणि सोंडा तेवढ्या आत खुपसते. त्यामुळे वरून मारलेले गंधक तिला बाधते. पाण्यात मिसळणारे गंधक, ज्यावर ८० टक्के असे लिहिलेले असते, ते लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात पानाच्या दोन्ही अंगांना लागेल असे फवारावे. यात दोन पथ्ये कडक आहेत. तापमान ३५ अंशांच्या वर असेल तेव्हा गंधक मारू नये, पाने भाजतात. आणि निंबोळी तेल किंवा दुसरे कोणतेही तेल मारले असेल तर दोन आठवडे गंधकाला शिवू नये. ज्यांना गंधक नको असेल त्यांनी एक भाग दूध व नऊ-दहा भाग पाणी हा उपाय उन्हाच्या वेळी करून पाहावा. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे द्राक्षांवर दुधाचे प्रयोग झाले आणि भुरी थोडी असताना त्याचा गुण दिसला. अर्थात घरात मुलांना दूध पुरत नसेल तर वेलीला पाजण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

करपा आणि तांबेरा

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर लहान, गोल, काळपट तपकिरी ठिपके पडले, त्यांचा मध्य राखी होऊन गळून पडला आणि पान चाळणीसारखे दिसू लागले तर तो करपा. कोवळ्या फुटीवर व काडीवरही त्याचे काळे, खोलगट व्रण उमटतात. करप्याचे बी जुन्या काडीवरच्या व्रणांत दडून राहते आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडते. म्हणून छाटणीत अशा काड्या काढून वस्तीबाहेर नष्ट कराव्यात. मांडवाखाली त्यांचा ढीग करू नये. बोर्डो मिश्रण यावरही चालते.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात जुन्या पानांच्या खालच्या अंगावर नारिंगी भुकटीचे बारीक ठिपके दिसले आणि बोट फिरवताच बोट हळदीसारखे रंगले तर तो तांबेरा. तो फार झाला तर वेल अवेळी उघडी पडते. गळलेली पाने झाडून काढणे हा त्यावरचा पहिला उपाय.

पानांवरची किडे-मंडळी

प्रत्येक डाग बुरशीचाच असतो असे नाही. कोवळ्या पानांवर रुपेरी ओरखडे दिसले आणि पाने वाटीसारखी वळली तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. फुटीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी; दोऱ्याच्या तुकड्यासारखे बारीक किडे कागदावर पळताना दिसतात. निंबोळी तेल ५ मिलिलिटर आणि चिमूटभर मऊ साबण एक लिटर पाण्यात घोटून संध्याकाळी फवारावे.

कडक उन्हाळ्यात पानावर बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूस कोळ्याचे तलम जाळे दिसले तर ती लाल कोळी. धूळ आणि कोरडी हवा त्यांना मानवते. सकाळी पानांच्या खालच्या अंगाला पाण्याचा जोरदार फवारा दिला तर बराच उपद्रव कमी होतो, आणि दिवसभराच्या उन्हात पाने वाळूनही जातात.

छाटणीनंतर फुगलेले डोळे आणि कोवळी पाने कुरतडणारा चकचकीत लहान भुंगेरा म्हणजे उडद्या. धक्का बसताच तो मेल्याचे सोंग करून खाली पडतो. त्याच्या या सोंगाचाच फायदा घ्यावा : सकाळी मांडवाखाली जुने लुगडे पसरून काड्या हलवाव्यात व पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकावेत. खोडावरची सुटलेली साल काढली की त्याची लपण्याची जागा जाते.

पानावर चिकट पाणी, त्यावर काळी काजळी आणि काडीवर मुंग्यांची रांग दिसली तर वर पिठ्या ढेकूण आहे हे समजावे. काजळी ही त्याच्या गोड विष्ठेवर वाढते. काजळीला औषध मारून उपयोग नाही. मुंग्या या ढेकणाचे रक्षण करतात आणि मोबदल्यात गोड रस खातात. आमच्या क्षेत्रातही असे दलाल असतात. मुंग्यांची वाट बंद करावी, ढेकूण साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढावा, आणि डाळिंबी किड्यांना मारू नये. ते आपल्या बाजूचे असतात.

भूक, मीठ आणि शेजाऱ्याचे औषध

पान पिवळे पडण्यामागे पुष्कळदा रोग नसून भूक असते. येथे पहिला प्रश्न कामाला येतो. मॅग्नेशियमसारखे द्रव्य कमी पडले तर वेल ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. आईने आपली भाकरी मुलाला द्यावी तसे. त्यामुळे बुडाकडची पाने शिरांच्या मध्ये पिवळी पडतात. लोहाचे तसे नाही. ते जुन्या पानांतून सहसा हलत नाही. म्हणून लोह कमी पडले की शेंड्याची नवी पाने पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, आणि अति पाण्याने साचलेल्या मातीत हे दुखणे वाढते. मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि लोहासाठी हिराकस लिटरला २ ग्रॅम, ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे. पण आधी पाणी कमी करून पाहावे आणि मुळाशी चांगले कुजलेले शेणखत द्यावे. पोटॅश कमी पडले तर पानांच्या कडा करपतात.

कडा करपण्याचे दुसरे कारण शहरात फार आढळते. बोअरचे मचूळ पाणी किंवा धुण्याचे साबणी पाणी रोज वेलीच्या मुळाशी सोडले जाते. पाणी वाचवण्याची बुद्धी चांगली, पण त्यातील मीठ मातीत साठते आणि पानाच्या कडेला येऊन तिला जाळते. येथे कोणतेही औषध चालत नाही. ते पाणी बंद करावे आणि गोड्या पाण्याने माती दोन-तीनदा खोलवर धुऊन निचरा होऊ द्यावा.

नवी पाने पंख्यासारखी, चिंधोटीसारखी आकुंचित झाली आणि कीड कुठेच दिसली नाही, तर शेजारी कोणी टू-फोर-डी हे तणनाशक मारले काय, ते विचारावे. द्राक्षवेल त्याला विलक्षण हळवी आहे. वाऱ्यावरून आलेला अंशही तिला पुरतो. भांडणाऐवजी सांगून पाहावे. बहुतेक शेजाऱ्यांना हे ठाऊकच नसते.

फवारणारा माणूस

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे वळतो. पानाची एवढी काळजी करणाऱ्यांनी पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाची निदान तेवढी तरी करावी.

बोर्डो मिश्रण जुने, स्वस्त आणि म्हणून निरुपद्रवी, अशी समजूत आहे. १९६९ साली पोर्तुगालमधील डॉक्टरांनी द्राक्षमळ्यात वर्षानुवर्षे हे मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांब्याचे अंश आणि जखमा आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्या दुखण्याला मळ्यात फवारणाऱ्याचे फुप्फुस असेच नाव पडले. म्हणजे चोराला भिवविण्यासाठी केलेले पाणी पानाला तारक झाले, पण ते रोज हुंगणाऱ्याला बाधले. वर्षातून चार वेळा एका वेलीवर मारणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तोंडाला फडके आणि डोळ्याला चष्मा मात्र हवाच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन विसाहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात गेली. ती माणसे शेतकरी आणि शेतमजूर होती. औषध पानाला लागले की नाही हे सर्वांनी पाहिले. माणसाला किती लागले हे कोणी पाहिले नाही.

कायदा याबाबत मुका नाही. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आणि नियम १९७१ चे. औषध हाताळणाऱ्याला व फवारणाऱ्याला संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत, असे त्या नियमांत लिहिले आहे. डब्यावरचा रंगीत चौकोनही त्याच नियमांची देणगी. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. घराच्या अंगणात लाल आणि पिवळ्या खुणेचा डबा आणूच नये, हे आमचे निक्षून सांगणे आहे. कोणतेही औषध वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने मारू नये, रिकाम्या डब्यात तेल किंवा धान्य भरू नये, आणि डब्यावर काढणीपूर्वी जितके दिवस थांबायला सांगितले असेल तितके दिवस घडाला हात लावू नये. वेलीवर औषध मारायला एखाद्या मजुराला बोलावले तर मजुरी ठरवताना हातमोजे, तोंडाचे फडके, साबण आणि आंघोळीचे पाणी हे देणे आपलेच आहे असे समजावे.

आता काय करावे

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. पाऊस पडण्यापूर्वीच्या या दिवसांत मांडवातली दाटी कमी करावी, म्हणजे वारा खेळेल आणि पाने लवकर वाळतील. गळलेला पालापाचोळा उचलावा. पाणी मुळाशी आणि सकाळी द्यावे. संध्याकाळी पानांवर पाणी मारण्याची सवय सोडावी. पावसाची चाहूल लागली की अर्ध्या टक्क्याचे बोर्डो मिश्रण एकदा मारावे. एका स्वस्त वहीत तारीख, हवा, डागाचे वर्णन आणि केलेला उपाय लिहून ठेवावा. दोन हंगामांत त्या वहीतून आपल्या वेलीविषयी जे कळेल ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. आणि आठवड्यातून एकदा, चहा पिता पिता का होईना, दहा पाने उलटून पाहावीत. पहिला डाग ज्याला दिसतो त्याचे काम एका पानावर भागते. ज्याला महिन्याने दिसतो त्याला सारी वेल धुवावी लागते.